टाकीतलं शेवाळ वाढवायचं कशाला, आणि काढलेलं टाकायचं कुठे?



बंदीच्या दोन महिन्यांत आपल्या तीन-चार पोरांनी सोसायटीच्या शेडमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी लावली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. बघायला येणारा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "हे मासे केवढ्याला जातात?" आणि मग खाली वाकून बघितलं की दुसरा, "अरे, खालच्या टाकीत केवढं शेवाळ माजलंय, साफ करत नाही काय तुम्ही?"

पहिल्याचं उत्तर पोरं देतील, धंदा त्यांचा आहे. दुसऱ्याचं मी देतो. ते शेवाळ मुद्दाम ठेवलंय. आणि त्याच्यापायी आमच्या हातून दोन चुका झाल्यात. त्यातली दुसरी आपल्या खाडीशी संबंधित आहे, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधी शेवाळाचं काम काय ते सांगतो. समुद्रात माशाने घाण केली तर धुऊन न्यायला भरती-ओहोटी आहे. टाकीत घातलेलं तिथंच राहतं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो. दगडावर, वाळूत बसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया माशाला लगेच मारतो, नायट्रेट तसा सौम्य. पण तो साठत जातो. शिवाय खाद्यातला फॉस्फेटही साठतो. मग काचेवर, दगडावर नको ते तपकिरी शेवाळ चढतं आणि मासे मलूल होतात.

यावर साधा उपाय म्हणजे पाणी बदलणं. पण आपल्याकडे पावसाळ्यात ते बदलणार कुठून? जून ते सप्टेंबर मांडवी आणि झुवारी दोन्ही गोड्या पाण्याने भरून वाहतात. खाडीचं पाणी उचलून टाकीत ओतलं तर मासे जगायचे नाहीत. टाकीला समुद्राइतकाच, म्हणजे हजार भाग पाण्यात साधारण 35 भाग खारटपणा लागतो. बाजारातलं मीठ विकत आणून तेवढं पाणी तयार करायचं म्हणजे खिसा रिकामा. म्हणून पोरांनी शेवाळाचा मार्ग धरला. त्या खालच्या टाकीला रेफ्युजियम म्हणतात. आसऱ्याची जागा, असा त्याचा अर्थ.

रचना अवघड नाही. वरच्या टाकीचं पाणी पाइपाने खाली येतं, शेवाळातून सावकाश फिरतं आणि पंप ते परत वर चढवतो. शेवाळ वाढताना पाण्यातला अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट ओढून घेतं. मासे तिथे जात नाहीत, म्हणून त्या गुंत्यात बारीक कोपेपॉड आणि कोलंबीसारखे दिसणारे इवलेसे किडे निवांत वाढतात. त्यातले काही पंपातून वर जातात आणि माशांना जिवंत खाद्य मिळतं. खारफुटीच्या मुळांत बारकी पिल्लं आसरा घेतात ना, तसंच.

दिवा मात्र उलट्या वेळेला लावतात. वरच्या टाकीचा दिवा संध्याकाळी बंद झाला की खालचा लागतो. रात्री अंधारात सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच घसरतो. खाली उजेडात शेवाळ तो वायू खेचून घेतं, त्यामुळे घसरण कमी होते. रात्री शेडमधून हिरवट उजेड दिसतो तो याचाच. कुणी लाइट बंद करायला विसरलेलं नाही, फोन करू नका.

ही युक्ती तशी जुनी. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने 1980 च्या सुमारास घराच्या आत प्रवाळाची अख्खी टाकी चालवून दाखवली होती. उजेडाखाली जाळीवर शेवाळ वाढवायचं आणि खरवडून काढायचं, अशी त्याची पद्धत.

त्यातला 'खरवडून काढायचं' हा भाग लोक विसरतात. आम्हीही विसरलो.

शेवाळ नायट्रेट खाऊन संपवत नाही, आपल्या अंगात साठवतं. म्हणजे घाण पाण्यातून शेवाळात गेली, टाकीतून बाहेर गेली नाही. तुम्ही ते उपटून काढाल तेव्हाच ती बाहेर जाते. नाहीतर जुनं शेवाळ आतल्या आत कुजतं आणि सगळं परत पाण्यात येतं. मी सोसायटीचे हिशेब ठेवणारा माणूस, म्हणून कागदावर गणित मांडून बघितलं. शंभर ग्रॅम खाद्य घ्या, त्यात 45 टक्के प्रथिनं धरा. प्रथिनाच्या वजनाचा साधारण सहावा भाग नायट्रोजन असतो, म्हणजे झाला सात ग्रॅम. आता एक किलो ओलं शेवाळ घ्या. त्यात बहुतेक पाणीच. वाळवून शंभर ग्रॅम उरलं आणि त्यात तीन टक्के नायट्रोजन धरला, तर झाला तीन ग्रॅम. थोडा नायट्रोजन माशाच्या अंगी लागतो हे धरलं तरी शंभर ग्रॅम खाद्यामागे दीड-दोन किलो ओलं शेवाळ काढायला हवं. आकडे वरखाली होतील, पण अंदाज येतो. आमची पोरं महिन्यातून एकदा मूठभर काढायची आणि खाद्य मात्र येईल तो पाहुणा चिमूटभर टाकायचा. मग टेस्ट किटचा रंग लालचा पिवळा होणार कसा? आता खाद्याचा डबा कपाटात, किल्ली एकाकडे.

कुठलं शेवाळ ठेवायचं हेही महत्त्वाचं. सगळ्यात सोपं ते कीटोमॉर्फा. दिसायला जुन्या नायलॉन दोरीचा हिरवा गुंता. कशाला चिकटत नाही, मोकळं तरंगत वाढतं, मुठीने तोडून काढता येतं. हणजुणे, वागातोरच्या खडकांवर ओहोटीला हिरवे ताठ केस दिसतात, ते याचंच भावंड. पण ते खडकाला धरून, लाटांच्या माऱ्यात जगणारं, टाकीत टिकत नाही. पातळ पानांचं उल्वा लवकर वाढतं आणि बरेच मासे ते आवडीने खातात. लाल ग्रासिलारिया दिसायला छान, पण सावकाश वाढतं.

आणि चौथं कॉलेर्पा. पिसासारखी किंवा बारीक द्राक्षांच्या घोसासारखी पानं, भराभर वाढणारं. आमची पहिली चूक हीच. दुकानातून आणलेल्या दगडाबरोबर त्याचा एक कोंब आला. दिसायला देखणा, म्हणून पोरांनी ठेवला. तीन महिन्यांत खालची टाकी भरली. कुणी हात लावला नाही, उलट फोटो काढले. एका सकाळी शेड उघडलं तर पाणी ताकासारखं, हिरवंगार कॉलेर्पा पांढरं काचेसारखं झालेलं आणि वर मासे तोंड वर काढून धापा टाकतायत.

नंतर वाचून कळलं ते असं. कॉलेर्पाची अख्खी वेल म्हणजे एकच भलीमोठी पेशी, आत भिंती नाहीत. तिला पुनरुत्पादन करायचं झालं की पहाटेच्या वेळी अंगातला सगळा गर बीजपेशींच्या रूपात पाण्यात सोडते आणि मरते. नुसतं साल उरतं. त्या सकाळी आम्ही एअर पंप लावला, साठवलेलं होतं तेवढं पाणी बदललं, तरी दोन मासे गेले. ज्या पोराने स्वतःच्या पैशाने ते आणले होते, तो त्या दिवशी जेवला नाही.

दुसरी चूक त्याच दुपारची. मेलेलं आणि अर्धवट जिवंत असलेलं सगळं कॉलेर्पा बादलीत भरून एकजण धक्क्यावर निघाला होता, खाडीत ओतायला. "समुद्राचंच आहे, समुद्रात जाऊ दे." बोलणं वरवर बरोबर वाटतं. मी त्याला वाटेत थांबवलं, पण त्याआधी दोन-तीन वेळा असं ओतून झालं होतं हे तेव्हाच कळलं.

कॉलेर्पाच्या काही जाती आपल्या किनाऱ्यावर मुळातच आहेत, त्यांची भीती नाही. पण दुकानातून आलेला कोंब कुठल्या समुद्रातला, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. 1984 साली भूमध्य समुद्रात मोनाकोच्या समुद्रसंग्रहालयाखाली कॉलेर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा दिसला. मत्स्यालयांत वाढवलेला तो वाण होता. थंडीतही टिकायचा आणि तुटलेल्या बारीक तुकड्यातून परत वाढायचा. नांगर आणि जाळ्यांना लागलेले तुकडे बोटींबरोबर फिरले. पुढच्या वीसेक वर्षांत तो फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशिया, ट्युनिशियाच्या किनाऱ्यांवर पोचला. त्याच्यात असलेल्या विषारी द्रव्यामुळे बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत, आणि जिथे तो पसरतो तिथलं समुद्रगवत दबतं.

जून 2000 मध्ये तोच वाण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कार्ल्सबाडजवळच्या खाजणात सापडला. तिथे लगेच हालचाल झाली. पट्ट्यांवर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, पाणबुडे वर्षानुवर्षं शोधत राहिले. तो संपला हे जाहीर करायला जुलै 2006 उजाडला, आणि खर्च झाला सत्तर लाख डॉलरच्या वर. 2001 मध्ये त्या राज्याने कॉलेर्पाच्या नऊ जाती बाळगण्यावर बंदी घातली.

एवढं लांब कशाला, तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला कप्पाफायकस हे परदेशी शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. तिथल्या कित्येक बायकांचं घर त्यावर चालतं, त्याला माझा विरोध नाही. पण तेच शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाच्या प्रवाळावर चढल्याचं शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये लिहून ठेवलं आहे. आपल्या खाडीत खुबे, तिसऱ्यो, कुर्ल्या काढून कितीतरी घरं चालतात. तळ झाकला गेला तर त्या घरांनी कुठे जायचं?

शेडमधल्या टाकीपुरतं आता असं ठरवलंय. कॉलेर्पा ठेवायचं नाही, फक्त कीटोमॉर्फा आणि थोडं उल्वा. काढलेलं शेवाळ आणि ते धुतलेलं पाणी गटारात जाणार नाही, कारण आपलं गटार खाडीतच जातं. शेवाळ नळाच्या पाण्यात बुडवायचं, मग पत्र्यावर उन्हात चुरा होईपर्यंत वाळवायचं आणि मागच्या माडांना घालायचं. धुतलेलं पाणी जमिनीवर ओतायचं, माडांपासून जरा लांब. पावसाळ्यात ऊन नसेल तर पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत.

धक्क्याजवळ ओहोटीला पिसासारखं, पूर्वी न पाहिलेलं हिरवं शेवाळ कुणाला दिसलं, तर उपटू नका, तुकडे होतात. फोटो काढून मला पाठवा. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत दाखवून घेऊ. मी स्वतः दर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला चक्कर मारतो, अजून तरी काही दिसलेलं नाही.

शेवाळ काढायचा दिवस शनिवार, सकाळी नऊ वाजता. घरी टाकी असेल आणि कीटोमॉर्फा हवं असेल तर झाकणाचा डबा घेऊन या, फुकट मिळेल. देताना वहीत नाव लिहून घेतो आणि नको झालं तर इथेच परत आणून द्यायचं, एवढी अट आहे. माशांना खाद्य टाकायला मागू नये.