द्राक्षमळ्यांच्या गावातला सायकल संघ

दक्षिण आफ्रिका हे नाव द्राक्षबागायतदारांना नवे नाही. जानेवारीनंतर आपला माल युरोपच्या बाजारात जातो, तेव्हा केप प्रांतातली द्राक्षे तिथे आधीच येऊन बसलेली असतात. त्यांची छाटणी, त्यांचे पॅकहाऊस, त्यांना मिळणारा दर यावर आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळ बोलले जाते. त्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांच्या पोरांचे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज पिकाविषयी न लिहिता त्या पोरांविषयी लिहीत आहे.

केपटाऊनपासून पन्नासेक किलोमीटरवर स्टेलेनबॉश हे १६७९ साली वसलेले गाव आहे. वाईनच्या द्राक्षांसाठी जगात नाव कमावलेले. या भागात पूर्वी एक रीत होती, तिला 'डॉप' म्हणत. मजुरीचा काही भाग रोख न देता हलक्या वाईनच्या रूपाने द्यायचा, तोही दिवसातून अनेक वेळा, कामावरच. कायद्याने बंदी आल्यावरही काही मळ्यांवर ही रीत १९९० च्या दशकापर्यंत टिकून होती. आपल्याकडे मजुरी हातात पडली की संध्याकाळी गुत्त्यावर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिथे तर गुत्ताच मालकाच्या हातात! त्याचे भोग पुढच्या पिढीच्या वाट्याला आले. आई गरोदर असताना दारू पीत असेल तर पोटातल्या मुलाची वाढ आणि बुद्धी दोन्ही खुंटू शकतात. अशा मुलांचे प्रमाण जगात जिथे जिथे मोजले गेले, त्यात पश्चिम केपचा नंबर फार वर लागतो.

याच स्टेलेनबॉशच्या कडेला कायामंडी ही वस्ती आहे. वर्णभेदाच्या राजवटीत मळ्यांवर काम करणाऱ्या काळ्या मजुरांसाठी ती उभी राहिली. नावाचा अर्थ 'गोड घर'. प्रत्यक्षात पत्र्याची खोपटी दाटीवाटीने उभी, आईबाप दिवसभर कामावर, आणि शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत पोरांना विचारणारे कुणी नाही. पोर हाताबाहेर जाते ते याच तीन-चार तासांत, असे माझे मत आहे. नशा असो, टोळी असो, तिची भरती या वेळेतच होते.

कायामंडीतला सोंगो फिपाझा आणि स्वित्झर्लंडचा सायकलपटू क्रिस्टोफ सॉसर या दोघांनी मिळून २००८ साली नेमका हाच वेळ धरला. सॉसर हा साधासुधा गडी नव्हे. सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले होते आणि त्याच २००८ साली तो डोंगरी सायकलिंगचा जगज्जेता झाला. थंडीत युरोपात बर्फ पडते, म्हणून तो सरावाला स्टेलेनबॉशला येत असे. दोघांनी वस्तीतल्या पोरांचा सायकल संघ काढला. सोंगोच्याच नावाने तो ओळखला जातो.

कामाची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. शाळा सुटली की पोरांनी क्लबवर यायचे. तिथे अभ्यासही होतो आणि सायकलही चालवायला मिळते. लहान पोरे मातीच्या आखूड उड्यांच्या ट्रॅकवर, मोठी डोंगरवाटेवर. सायकल नुसती वाटून टाकली असती तर ती महिन्याभरात विकली गेली असती, नाही तर थोरल्या भावाने नेली असती. संघ म्हटला की रोज यावे लागते. एक दिवस पोर आले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारणारा माणूस असतो, आणि त्या वस्तीत नेमकी अशा माणसाचीच उणीव होती.

केप एपिक ही तिथली आठ दिवसांची डोंगरी शर्यत जोडीने पळवतात. दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, पुढच्याने मागच्यासाठी थांबलेच पाहिजे. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे ती सॉसर आणि दक्षिण आफ्रिकेचा बरी स्टँडर यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या संघाच्या नावात सोंगोचे नाव होते. वस्तीतल्या पोरांचे नाव असे देशभर झाले. पुढे ३ जानेवारी २०१३ रोजी सरावाला निघालेल्या स्टँडरला एका टॅक्सीची धडक बसली आणि तो जागीच गेला. वय अवघे पंचवीस. जगातल्या पहिल्या फळीतल्या खेळाडूची रस्त्यावर ही गत झाली, हे पोरांना हायवेवर सरावाला काढणाऱ्याने लक्षात ठेवावे. मातीचा बंद ट्रॅक आधी, रस्ता नंतर.

त्याच देशात 'कुबेका' नावाची दुसरी संस्था आहे. शब्दाचा अर्थ 'पुढे चला'. तिची रीत मला शेतीखात्याचा माणूस म्हणून फार आवडली. सायकल फुकट नाही, कमवायची. कुणी देशी झाडांची रोपे वाढवून देतो, कुणी कचरा गोळा करून देतो, शाळकरी पोरे हजेरी आणि अभ्यासावर मिळवतात. सायकलही शोभेची नसून जाड स्टीलची, मागच्या कॅरियरवर शंभर किलो ओझे पेलणारी. या संस्थेचे नाव लावणारा व्यावसायिक संघ २०१५ साली टूर द फ्रान्समध्ये उतरला, आफ्रिकेत नोंदलेला तो पहिलाच संघ. १८ जुलैला, म्हणजे मंडेलांच्या जन्मदिनी, त्याने एक टप्पाही जिंकला. पण मोठ्या प्रायोजकावर उभा असलेला तो संघ पैशाअभावी २०२१ अखेर बंद पडला. सगळा माल एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर लावणाऱ्यांना यातले मर्म कळेल.

नुसत्या सायकलीनेही फरक पडतो, हे नाकारायचे नाही. बिहार सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. अभ्यासकांनी मोजले तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत. त्या सायकलींनी अंतराचा प्रश्न सोडवला. ज्या पोराचा बाप पितो, ज्याची आई उसतोडीला गेली आहे, त्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याला शाळेपर्यंत जायला सायकल मिळेल, पण शाळा सुटल्यावर तो जाणार कुठे?

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असतेच, सरपंच तिचे अध्यक्ष. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. गायरानाच्या कोपऱ्यात मातीचे चार उंचवटे करायला जेसीबीचे काही तास पुरतात. पाच-सहा जुन्या सायकली गावातच अडगळीत सापडतील. पंक्चर काढणे, चेन बसवणे, ब्रेकचे रबर बदलणे पोरांनाच शिकवावे, त्यातही त्यांचा वेळ जातो. अवघड गोष्ट एकच आहे: रोज संध्याकाळी पाच वाजता तिथे येऊन हजेरी घेणारा एक भरवशाचा माणूस. तो आधी शोधा, सायकली मग गोळा करा.