करडई : क्रीमचा देशी पाया

पीक : देवगाव फाटा (ता. सेलू) परिसरातल्या काळ्या जमिनीत करडई हे रब्बीचे जुने पीक. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते तग धरते. ‘परभणी कुसुम’ हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२).

गुण : तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. ते आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. त्वचेचा वरचा थर ओलावा धरून ठेवतो, त्यात याचा मोठा वाटा. चरबीविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खवलेदार होते, हे अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ मध्ये दाखवले.

काम : तेल आणि पाणी इमल्सिफायरने एकजीव केले की क्रीम होते. करडईचे तेल हलके असल्याने चिकटपणा कमी राहतो.

जोडीला : करंज आणि कडुनिंबाची उग्र तेले फक्त बाहेरून लावण्यासाठी, तीही थोड्या प्रमाणात.

जपणूक : करडईचे तेल लवकर खवट होते. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण आणि थंड जागा हवी. वास बदलला की ते चेहऱ्याला लावू नये.

खबरदारी : क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे.