रंग निवडण्याआधी खोलीतला उजेड पाहावा

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न ठरले की भिंतींच्या रंगाचा विषय निघतो. दुकानातून शेड कार्ड येते, घरातील प्रत्येकाचे बोट वेगळ्या चौकोनावर पडते आणि बऱ्याच चर्चेनंतर एक रंग ठरतो. भिंती रंगवून झाल्यावर मात्र ‘कार्डावर तर असा दिसत नव्हता’ ही तक्रार हमखास ऐकू येते. त्यात दुकानदाराची लबाडी नसते. कार्डावरचा चौकोन असतो दोन बोटांचा. खोलीत तोच रंग चारही भिंतींवर पसरतो, एका भिंतीचा प्रकाश दुसरीवर पडतो आणि रंग अधिक गडद भासू लागतो. म्हणूनच खोलीत शांत वाटेल की कोंदट, हे रंगाच्या नावावर ठरत नाही. ते रंग आणि खोलीतील प्रकाश यांच्या मेळावर ठरते.

कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमांना लागून असलेल्या औराद तालुक्यात हा मेळ नीट पाहता येतो. बीदर जिल्ह्याचा हा भाग कडक उन्हाळ्याचा. त्यामुळे जुनी घरे जाड दगडमातीच्या भिंतींची, माळवदाची आणि मोजक्या खिडक्यांची. जाड भिंतींनी ऊन बाहेर थोपवले. पण त्याबरोबर उजेडही बाहेर राहिला. भर दुपारी अंगणात डोळे दिपतात आणि माजघरात मात्र दिवा लावावा लागतो. या अंधाराला जुन्या पिढीने दिलेले उत्तर होते पांढरी माती आणि चुना. शुभ्र पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. गडद निळा किंवा तपकिरी रंग १० टक्केही फेकत नाही. चुन्यात चिमूटभर नीळ मिसळण्याची रीतही हौसेपोटी आलेली नाही. चुन्याची पिवळसर झाक निळीमुळे मारली जाते आणि भिंत अधिक पांढरी दिसते.

मात्र अंधाऱ्या खोलीला पांढरा हा एकच उपाय, असे नाही. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल याची साक्ष देतो. अली बरीदशहाच्या कारकिर्दीत (१५४२–१५८०) या महालाला आजचे रूप मिळाले. रंगीत चिनी मातीच्या फरशा, कोरीव लाकडी खांब आणि काळ्या दगडात जडवलेले शिंपले ही त्याची ओळख. काळा दगड प्रकाश शोषून घेतो, पण त्यातील शिंपला मंद उजेडातही चमकतो. बिदरी कामात काळ्या धातूवर चांदीची नक्षी उठून दिसते, तीही याच न्यायाने. जिथे उजेड कमी, तिथे सगळी खोली रंगाने भरण्यापेक्षा शांत पार्श्वभूमी ठेवून एखादीच जागा उजळवावी, हा धडा आजच्या दहा बाय बाराच्या खोलीलाही लागू पडतो. एखादा कोनाडा, देवघराची चौकट किंवा पलंगामागची एक भिंत त्यासाठी पुरते.

रंगांचा मनावर परिणाम होतो, हे खरे; पण त्याचे गणित ‘लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती’ इतके सोपे नाही. रंग कोणता, याइतकेच तो किती तीव्र आणि किती उजळ, यालाही महत्त्व आहे. भडक पोपटी रंग डोळ्यांना थकवतो, तर हिरव्याचीच राखाडीकडे झुकणारी फिकट छटा विसावा देते. पिवळसर, मातकट, केशरी छटा ऊब देतात. म्हणून ओसरी आणि बैठकीच्या खोलीला त्या शोभतात. निजायच्या खोलीला फिकट निळा किंवा हिरवा बरा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचे ऊन आधीच तांबूस असते. तिथे केशरी भिंत उन्हाळ्यात नकोशी होते. उत्तरेच्या थंड उजेडात तीच सुखद वाटते.

घरात वयस्कर माणसे असतील, तर रंगाची निवड केवळ आवडीची बाब राहत नाही. वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत ढोबळमानाने एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. निळ्या-हिरव्यातला फरकही पुसट होतो. भिंत, उंबरा आणि पायरी एकाच फिकट रंगात रंगवल्या, तर पायरी कुठे संपते ते दिसत नाही आणि माणूस पडतो. पायरीच्या कडेला गेरूचा ठळक पट्टा, दाराची चौकट भिंतीहून गडद, एवढे केले तरी धोका बराच टळतो.

रंग भिंतीला मानवतो का, हेही पाहायला हवे. मातीच्या आणि चुन्याच्या भिंती ओलावा शोषतात आणि बाहेर टाकतात. त्यांवर प्लास्टिक रंगाचा पापुद्रा चढवला की ओल आत अडकते, फुगे येतात आणि गिलावाही सुटतो. अशा भिंतींना आजही चुनाच योग्य. हवी ती छटा चुन्यात गेरू किंवा पिवडी मिसळून मिळते. चुन्याचा रंग वाळल्यावर पुष्कळ फिका होतो, हे ध्यानात ठेवूनच प्रमाण ठरवावे. नव्या सिमेंट गिलाव्यालाही रंगाआधी साधारण चार आठवडे मुरू द्यावे.

शेवटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. पसंतीच्या दोन-तीन रंगांचे लहान डबे आणून भिंतीवर दोन फुटी चौकोन रंगवावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहावेत. पिवळ्या आणि पांढऱ्या दिव्याखाली एकच रंग वेगळा दिसतो. त्या खोलीत ज्याचा दिवस सर्वाधिक जातो, मग ती स्वयंपाक करणारी सून असो वा अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्याचे मत आधी विचारावे. पाहुण्यांसाठी रंगवलेले घर दोन दिवस मिरवते. भिंतींच्या आत राहायचे असते ते घरच्यांना.