ब्रेक लागतो तेव्हा

डोंबिवलीहून निघालेली फास्ट लोकल कळव्यापुढची खाडी ओलांडते आणि तिच्या मोटरींचा घूं-घूं आवाज हळूहळू खाली उतरू लागतो. ठाण्याला उतरणारे दाराकडे सरकतात. नेमक्या त्याच वेळी पायांखाली कामाची अदलाबदल झालेली असते. आतापर्यंत मोटर चाकांना फिरवत होती, आता चाकं मोटरला फिरवतात. मोटरचं जनित्र होतं, वीज तयार होते आणि वरच्या तारेत परत जाते. जवळपास सुटणारी दुसरी लोकल तीच वीज ओढून वेग घेते!

किती वीज? बारा डब्यांची रिकामी गाडी 450 टनांची धरा, आत गर्दीच्या वेळची 4,500 माणसं. सगळं मिळून 720 टन. ताशी 80 किलोमीटर वेगाला या वजनात जवळपास 50 युनिट ऊर्जा साठलेली असते. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराची ही पंधरवड्याची वीज. जुन्या गाड्यांत ती ब्रेक घासून उष्णतेत वाया जायची. आता तिच्यातला बराचसा भाग परत मिळतो.

यापेक्षाही मला थक्क करतो तो एक साधा भागाकार. 720 टन भागिले 4,500, म्हणजे माणशी 160 किलो. एकट्या चालकाला घेऊन घोडबंदर रोडवर अडकलेली मोटार 1,300 किलो ओढते. बरं, हा आकडा माणसं कोंबल्यामुळे आलाय का? 1,800 प्रवासी धरून पाहा. श्वास घेता येईल इतकी जागा होते, तरी वजन माणशी 310 किलोच. मोटारीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी! कमी वजन ओढायला कमी ऊर्जा लागते, म्हणून कार्बनही कमी; तो वाचवण्यासाठी कुणी दारात लटकायची गरज नाही.

भारताने 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं. मोटारींची सवय लागलेली शहरं आज माणसांना रुळांवर आणायला धडपडतात. ठाण्याला रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी आली, कल्याणला पुढच्याच वर्षी. आपली माणसं रुळांवर आहेतच, प्रश्न त्यांना टिकवण्याचा आहे. चार पैसे हाती आले की गर्दीला कंटाळलेला माणूस आधी दुचाकी घेतो, मग मोटार. म्हणून 2022 मध्ये सुरू झालेली ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका मला हवामानाचंच काम वाटते: मेल-एक्स्प्रेस वेगळ्या झाल्या की लोकलना वाट मोकळी होते.

अर्थात तारेतली वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे, त्यामुळे लोकल वीजकेंद्राइतकीच स्वच्छ. पण सौर आणि पवनऊर्जा वाढली, की एकही डबा न बदलता प्रत्येक फेरी आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या मोटारीला हे जमत नाही.

उरतो घर ते स्टेशन हा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा. ठाण्यात परिवहनच्या विजेच्या बस धावू लागल्या आहेत. डोंबिवलीत मात्र सकाळी आठला स्टेशनबाहेर उभं राहिलं, की शेअर रिक्षांच्या रांगेमागे दुचाक्यांची आणखी लांब रांग दिसते.