जुन्या लष्करी जीपचा पत्रा

दुसऱ्या महायुद्धासाठीं १९४१ ते १९४५ या काळांत विलिस व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनीं ६ लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. लष्कराच्या दप्तरीं जीपची गणना पाव टनी ट्रकांत होई. अशी एखादी गाडी आज कोणी हौसेनें सांभाळूं म्हटल्यास कोंडाण्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवीं पाऊसच तिचा मोठा शत्रु. घडींत पाणी सांचून तळाचा पत्रा गंजतो, व तो भाग हातानें घडवावा लागतो.

प्रथम निरोगी कड लागेपर्यंत गंजका भाग कापावा, मग पुठ्ठ्याचा नमुना करावा. येथेंच नवखा फसतो. बाहेरील मापांच्या बेरजेंत प्रत्येक कोपरा दोनदां मोजला जातो. पत्रा मात्र वळणावर आंतली जवळची वाट धरतो. म्हणून सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यास दर काटकोनी दुमडीमागें सुमारें २ मिलिमीटर वजा करावे. चार दुमडींत ८ मिलिमीटर चुकले कीं बोल्टांचीं भोंकें जुळत नाहींत. (गणिताच्या तासाला पेंगणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें!)

सलग जोड दिल्यास उष्णतेनें पत्रा वांकतो. सबब दूरदूर टांके देऊन, मध्यें निवूं देऊन सांधा पुरा करावा. तळाशीं पाणी निघावयाचें भोंक ठेवावयास मात्र विसरूं नये. बहुधा तें बुजल्यामुळेंच मूळ पत्रा कुजलेला असतो.