संत्र्यांच्या गावात सफरचंदाची भजी

काटोलात सफरचंद पिकत नाही. ते येतं काश्मीर-हिमाचलहून, आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली असताना. भज्यांसाठी ही जोडी झकास! चिरलेलं सफरचंद हवा लागली की काळवंडतं. संत्र्याच्या रसातलं क जीवनसत्त्व हे लांबवतं. थोडा रस मैद्याच्या पिठातही घाला. त्यातल्या आम्लाशी गाठ पडताच खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, भजी फुलतात. मात्र सोडा अगदी शेवटी, नाहीतर वायू उडून जातो.

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी. साधारण १७५ अंश सेल्सिअसच्या तेलात त्याची वाफ जोरात बाहेर पडते, तेलाला आत फारसं शिरू देत नाही. बरंचसं तेल मुरतं ते कढईबाहेर, भजी निवताना. म्हणून झाऱ्यावरच नीट निथळवा. साखर वरून भुरभुरा. पिठात जास्त पडली तर भजी बाहेरून करपतात, आत कच्चीच राहतात.