काठावर बघ

पेंटासीनची पूड गर्द जांभळट-निळी असते, बाटलीत पाहिली तर कपड्यांची नीळ वाटावी अशी. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी रोज सकाळी मी ती चिमूटभर पूड मॉलिब्डेनमच्या पन्हळीत घालायचे. या पन्हळीला प्रयोगशाळेत ‘बोट’ म्हणतात. त्यामुळे ‘अरे, बोट!’ असं कुणी ओरडलं की आधी त्याच्या हाताकडे बघायचं की पेटीत, हा घोळ आमच्याकडे कायमचा. पेटीतली हवा काढायची, बोट तापवायची आणि पुडीची वाफ वरच्या सिलिकॉनच्या चकतीवर बसू द्यायची. सेकंदाला अर्धा अँगस्ट्रॉम या चालीनं ५० नॅनोमीटरचा थर व्हायला साधारण १७ मिनिटं लागतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

या थरातून मला ट्रान्झिस्टर करायचे होते. ते दोन तऱ्हांनी करत होते: काही चकत्यांवर आधी सोन्याच्या पट्ट्या आणि मग पेंटासीन, काहींवर आधी पेंटासीन आणि मग सोनं. पूड तीच, पेटी तीच, बसणारी मीही तीच. पण सोनं आधी असलेल्या चकत्यांमधून दुसऱ्यांच्या दहाव्या हिस्स्याइतकाही प्रवाह जाईना. तीन आठवडे मी पंपाला दोष दिला, मग पुडीला, मग पावसाळ्याला. शेवटी थरांचे फोटो घेऊन मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “मधे काय शोधतेस? काठावर बघ. सोनं संपतं तिथं.”

काठावर काय होतं ते सांगण्याआधी रेणूची ओळख करून द्यायला हवी. पेंटासीन म्हणजे बेंझिनची पाच षटकोनी कडी एका ओळीत जोडलेली. लांबी दीड नॅनोमीटरच्या आसपास, जाडी जवळपास नाहीच. मला तो नेहमी पाटासारखा दिसतो. कड्यांच्या वर आणि खाली इलेक्ट्रॉनांचा विरळ ढग असतो, आणि विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारतो ती शेजाऱ्यांचे हे ढग जिथं एकमेकांत मिसळतात तिथून. पंगत उठल्यावर पाट दोन तऱ्हांनी ठेवता येतात. एकावर एक आडवे रचले की चळत होते, आणि तिच्यात पाटावरून पाटावर जाणारा मुंगळा वर चढत जातो. तेच पाट उभे करून एकाला एक लावून ठेवले, तर मुंगळा जमिनीला समांतर, ओळीनं पुढं जातो. (पेंटासीनचे पाट अगदी तोंडाला तोंड लावून न बसता थोडे तिरके, एकमेकांत खोचल्यासारखे बसतात. पण मुंगळ्याची वाट तीच.)

आता हे पाट कसे बसायचे, ते ठरवतं कोण? खालची जमीन. चकतीवरचं सिलिकॉन ऑक्साइड, म्हणजे जवळजवळ काचच, पेंटासीनला फारसा लळा लावत नाही. मग रेणू जमिनीपेक्षा शेजाऱ्याला धरतात आणि खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सोन्याचं तसं नाही. धातूवर मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात आणि त्यांना या सपाट रेणूची आख्खी पाठ हवी असते, म्हणून तिथं रेणू आडवा होतो.

हे डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटांनी चाचपल्यासारखं कळतं. अणुबल सूक्ष्मदर्शकाची अतिशय अणकुचीदार सुई थरावरून फिरवली की पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या उमटतात, घाटावरून नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांसारख्या. ऑक्साइडवरच्या एका पायरीची उंची मोजली तर भरते दीड नॅनोमीटर. म्हणजे रेणूच्या लांबीएवढी! पायरी एका रेणूच्या उंचीची, तेव्हा रेणू उभेच असणार. पायऱ्या मोजून रेणूची बैठक ओळखणं ही मला या विषयातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात सुंदर युक्ती वाटते.

माझ्या चकत्यांवर सोन्याच्या पट्टीवर रेणू लोळलेले होते, ऑक्साइडवर ताठ उभे, आणि दोघांच्या मधल्या काठावर नुसती चेंगराचेंगरी: बारीक बारीक दाणे, त्यांच्यात फटी. भार सोन्यातून निघून नेमका तिथंच अडत होता. सोनं नंतर घातलेल्या चकत्यांवर हा काठच नव्हता, कारण रेणू आधीच उभे राहून झालेले होते.

उपाय सरांना ठाऊक होता. सोन्याच्या पट्ट्या थायॉलच्या द्रावणात बुडवून ठेवायच्या. थायॉलमधलं गंधक सोन्याला घट्ट चिकटतं, त्याची कार्बनी शेपटी वर राहते आणि पेंटासीनला सोनं ‘दिसतच’ नाही. मग तिथंही रेणू उभे राहतात. तोटा एकच, वास. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो उग्र वास मुद्दाम देतात, तो याच कुळातला. पहिल्या दिवशी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मावशी सगळ्या खिडक्या उघडत आल्या आणि सिलिंडर कुठाय म्हणून मलाच दरडावू लागल्या. ट्रान्झिस्टर मात्र चालले.

म्हणून ‘उभे चांगले’ असं मी काही दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते. ते अर्धंच खरं. ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह थराच्या तळाशी आडवा जातो, तेव्हा पाट उभे हवेत. सौरघटात भाराला थर पार करून वर-खाली जायचं असतं. तिथं आडवी चळत बरी. किती फरक पडतो? केंब्रिजच्या हेनिंग सिरिंगहाऊस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली पीथ्रीएचटी या बहुलकाचे दोन तऱ्हेनं बसलेले थर ‘नेचर’मध्ये दाखवले. सपाट बसलेल्या थरापेक्षा कडेवर उभ्या थरात भार शंभरपटीहून अधिक सहज फिरत होता.

मोबाइलच्या ओलेड पडद्याची, म्हणजे असल्याच सेंद्रिय रेणूंच्या दिव्यांची, गोष्ट आणखी वेगळी. १९८७ साली कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दीडशे नॅनोमीटरहून पातळ थरांतून, दहा व्होल्टच्या आत, हिरवा उजेड काढला. हे थर स्फटिकाचे नसतात, काचेसारखे विस्कळीत असतात. त्यामुळे त्यांत रेणू वाटेल तसे पडलेले असणार, असंच बरीच वर्षं धरून चालत. २००८ नंतर जपानमध्ये दाइसुके योकोयामा यांनी तिरप्या प्रकाशानं थर तपासले, तर लांबट रेणू बरेचसे आडवे निघाले. हे पडद्याच्या पथ्यावरच पडलं. रेणू प्रकाश टाकतो तो अँटेनासारखा, आपल्या लांबीच्या दिशेनं नाही, तर आजूबाजूला. उभ्या रेणूचा उजेड म्हणून थरातल्या थरात, काचेतल्या काचेत धावतो. आडव्याचा समोर, आपल्या डोळ्यांत येतो.

काचेसारख्या थराला ही शिस्त लागते कशी? लोकलच्या दारात शेवटी चढलेला माणूस थोडा वळू शकतो. पुढच्या स्टेशनावर त्याच्या मागं दहा जण चढले की ज्या तोंडानं उभा, तसाच ठाण्यापर्यंत. वाफेतून येणारा रेणूही वरच्या पृष्ठभागावर असेपर्यंत हलतो, मग पुढचे रेणू त्याला गाडतात. विस्कॉन्सिनच्या मार्क एडिगर यांच्या गटानं २०१५ साली दाखवलं की चकतीचं तापमान बदलून ही बैठक बदलता येते. थंड चकतीवर फक्त अगदी वरचे हलू शकतात, आणि वर आडवं पडणंच सोयीचं असतं. चकती थोडी ऊन केली की खालच्यांनाही अंग वळवता येतं आणि ते उभं राहू बघतात. फार तापवली की सगळीच सरमिसळ.

आणि कल अगदी थोडा असला तरी तो भलतीच करामत करतो. कोडॅकच्या त्या दिव्यात हिरवा उजेड देणाऱ्या अलक्यूथ्री या रेणूचा ५६० नॅनोमीटरचा थर जपानमध्ये अंधारात बसवला, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर २८ व्होल्ट भरले! बॅटरी नाही, तार नाही. रेणूंची धन-ऋण टोकं किंचित एकाच बाजूला कललेली, एवढंच कारण. उजेड दाखवला की ते व्होल्ट नाहीसे. २००२ सालचा हा शोधनिबंध मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मला दशांशचिन्ह चुकलंय असं वाटलं होतं.

शेवटच्या वर्षी मीही अलक्यूथ्रीचा दिवा केला, नखाएवढा. खोलीतले दिवे बंद केले, नऊ व्होल्ट दिले आणि काचेवर हिरवा चौकोन उमटला. मी चौकोनाकडेच बघत राहिले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी काच हातात घेऊन नुसती तिरकी केली आणि तिची कड माझ्याकडे वळवली. अडकलेला सगळा उजेड तिथून बाहेर येत होता, समोरच्या चौकोनापेक्षा ठळक, एक बारीक हिरवी रेघ.